मल्लखांब (सरावाचे साधन)

मल्लखांब म्हणजे जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत जाणारा लाकडी खांब आणि त्यावर करावयाचे व्यायाम. आज तो स्वतंत्र क्रीडाप्रकार मानला जात असला, तरी मुळात तो कुस्तीतील प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभे केलेले सरावाचे साधन होय. तालमीतील जोडीदार थकतो किंवा दुखावतो. खांबावर तीच पकड हवी तितक्या वेळा घालता येते.

उगम

चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या १२ व्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आढळतो. पुढे मागे पडलेल्या या विद्येला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुन्हा चालना दिली. ते नाशिक जिल्ह्यातील कोठुरे गावचे. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारल्यावर त्यांनी वणीच्या सप्तशृंग गडावर साधना केली व तेथे त्यांना मारुतीचा दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका आहे. झाडांवरील माकडांच्या हालचालींवरून ही कल्पना सुचल्याचेही सांगतात. त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली. बाळंभटदादांना मल्लखांबाचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. 'मानसोल्लासा'तील उल्लेख पाहता 'पुनरुज्जीवक' हा शब्द अधिक योग्य ठरतो.

रचना आणि तिचे कार्य

खांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा असतो. त्याच्या भागांना अंग, मान व बोंड म्हणतात. खांबाकडे मल्लाचे शरीर म्हणून पाहिले जात होते, हे या नावांतूनच कळते. अढी हा पायाभूत प्रकार. त्यात शरीर उलटे करून पायांनी खांबाला पकड घालतात. खांबाची जाडी वर कमी होत गेल्याने तीच पकड प्रत्येक उंचीवर नव्याने जुळवावी लागते. कातडी सोलवटू नये म्हणून एरंडेल लावतात. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने पकड चुकली की शरीर घसरते, आणि वस्तादाने सांगण्यापूर्वीच चूक कळून येते. साखळीला टांगलेला मल्लखांब फिरतो व झुलतो, तर दोरीचा मल्लखांब आधारालाच ताठपणा ठेवत नाही. पूर्वी दोरीच्या जागी वेत वापरीत.

अलीकडच्या क्रीडाशास्त्रात या तत्त्वाला मोठे महत्त्व आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांच्या मते सराव म्हणजे एकाच हालचालीची नक्कल नसून तोच प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडविणे होय. कार्ल न्यूवेल यांनी १९८६ मध्ये मांडले की, खेळाडूचे शरीर, परिसर आणि करावयाचे कार्य या तिन्हींच्या मर्यादांतून हालचाल घडते. म्हणून यांपैकी एखादी मर्यादा बदलली की शिक्षण आपोआप वेगळे वळण घेते.

मर्यादा

खांब प्रतिडाव टाकत नाही. समोरच्याचा रोख ओळखणे, त्याने तोल सोडताच डाव साधणे, या गोष्टी त्यावर शिकता येत नाहीत. त्यामुळे पकड, ताकद आणि लवचीकता कमावण्यापुरते हे साधन उत्तम. कुस्ती मात्र हौद्यातील लाल मातीतच शिकावी लागते. स्पर्धा सुरू झाल्यावर सरावाचा हेतूच पालटला. १९५८ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाचा समावेश झाला, १९८१ मध्ये उज्जैन येथे पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१९ मध्ये मुंबईत विश्वस्पर्धा भरली. आता गुण मिळतात ते काठिण्य, सफाई व तोल यांना. मल्लाला उपयोगी पडेल अशी पकड मागे पडून प्रेक्षणीय आसने व उड्या पुढे आल्या, आणि आजच्या बहुतेक मल्लखांबपटूंचा कुस्तीशी संबंध उरलेला नाही.

साधनाचा मूळ गुण मात्र अन्यत्र उपयोगी पडला. मुंबईच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे (पद्मश्री, २०२४) यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकविला. पकड बरोबर बसली की नाही हे येथे डोळ्यांपेक्षा कातडीला आधी कळते.