पानझडीचे रान

चांदूर बाजारहून उत्तरेस पाहिले म्हणजे सातपुड्याची निळी रांग दिसते. पौषात बहिरमच्या यात्रेस जाणाऱ्याला तिच्या पायथ्याच्या सागास अजून पाने दिसतात. फाल्गुनात तेच रान उघडेबोडके होते. नवख्यास वाटते, हे मेले. आमच्या खेडुतास तसे कधी वाटले नाही. पण एकोणिसाव्या शतकात ज्यांच्या हाती या रानाचा कारभार गेला, त्यांच्या शास्त्राचा जन्म निराळ्या वनात झाला होता.

ते वन सूचिपर्णी. युरोपातील पाइन व स्प्रूस, आपल्या हिमालयातील देवदार व चीड, ही त्या वर्गातील झाडे. पान सुईसारखे, वर मेणाचा लेप. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठले तरी अशा पानातून फारसे उडून जात नाही, म्हणून ते टाकावे लागत नाही. (लार्च नावाचे सूचिपर्णी झाड मात्र हिवाळ्यात पाने गाळते.) सागाचे पान सुपासारखे रुंद. पावसाळ्यात ते झाडास पोटभर अन्न देते. उन्हाळ्यात राहिले तर झाडाचे पाणी उडवून त्याचा घात करील. म्हणून झाड देठाच्या मुळाशी एक थर धरते व पान गाळते. थंडीत काय, उन्हात काय, चिंता पाण्याचीच. महाराष्ट्रात निसर्गतः वाढलेले सूचिपर्णी वन नाही.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले, आणि त्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८६७ मध्ये ती वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली. रुळांखाली मैलामागे दीड-दोन हजार स्लीपर लागत. बाल्टिककाठचे पाइनचे लाकूड डांबरी तेलात भिजवून जहाजाने आणवीत. तसे न भिजवलेले मऊ लाकूड येथे वाळवीच्या तोंडी पडे. सागास मात्र अंगचेच तेल असते. सागाचे मोल सरकारास कळले ते असे, आणि रान राखण्याची घाई झाली तीही त्यामुळेच.

१८६४ मध्ये ब्रँडिस हा जर्मन गृहस्थ हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याच्यामागून आलेले श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. ब्रँडिसला साग अपरिचित नव्हता. १८५६ पासून त्याने ब्रह्मदेशात सागाचेच काम केले होते, आणि गावाला स्वतःचे वन असावे असेही त्याचे मत होते. त्याचे हे मत मागे पडले, हे माझ्या मते आपले दुर्दैव. वणव्याचे भय मात्र टिकले. जाळरेषा आखल्या, कोरकूंची झाडोरा जाळून करावयाची फिरती शेती बंद झाली, मोहाखालचा पाचोळा पेटवणारा गुन्हेगार ठरला. पुढे ब्रह्मदेशातील ओलसर रानांत वनाधिकाऱ्यांस आढळले की आग पूर्ण बंद केल्याने सागाची रोपे इतर झाडोऱ्याखाली गुदमरतात, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील बंदी त्यांनी सैल केली. मेळघाट कोरडा, तेथे वारंवार लागणारी आग नुकसानच करते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोणते रान, कोणती आग, केव्हा, हे विचारण्याऐवजी एकच नियम सर्वत्र लावला गेला, आणि त्याचा भार पडला तो मोह, चारोळी, तेंदूपान यांवर जगणाऱ्या घरांवर. मोह तर झाड निष्पर्ण असतानाच फुलतो. सरकारास जे ओसाड दिसे, तो कोरकूंचा सुगीचा हंगाम होता.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला व निर्बंध आणखी वाढले. २००६ च्या वनहक्क कायद्याने चक्र थोडे उलटे फिरविले. परतवाड्याकडील पायविहीर या कोरकू गावास सामूहिक वनहक्क मिळाला, आणि गावकऱ्यांनी उजाड टेकडीवर झाडे लावून ती राखली. तेथील सीताफळे ते आता स्वतः विकतात. सीताफळाचे झाडही उन्हाळ्यात पाने गाळते.