आडातले पाणी आणि डोळ्यांचा विश्वास

१/९
कोल्हापूर शहराजवळच्या गडमुडशिंगीसारख्या गावांत पूर्वी घराच्या परसात आड असे; आज पुष्कळ ठिकाणी त्याची जागा बोअरने घेतली आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आहे. मात्र आडात जे असते ते पोहऱ्यात येतेच, आणि ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. घरचे पाणी पारखण्याच्या रीती कशा बदलत गेल्या, त्याचा हा इतिहास.

२/९
१८५४. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याची साथ. तेथून दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवेला त्या रस्त्यावरील पंपाच्या पाण्याची चव इतकी प्रिय होती, की ती ते मुद्दाम मागवीत असे. तेच पाणी पिऊन ती दगावली. पंपाखालच्या विहिरीत शेजारच्या घराच्या शौचखड्ड्यातील घाण झिरपत होती, हे पुढे खोदकामात उघड झाले. डॉ. जॉन स्नो यांच्या प्रतिपादनाला या मृत्यूने मोठे बळ दिले. चव ही शुद्धतेची साक्ष नव्हे.

३/९
१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू आढळले. पुढच्या दशकात आग्र्याचे अर्नेस्ट हॅन्किन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. हीच ती ‘लाल दवा’. पाण्यातील सेंद्रिय घाण हा रंग खाऊन टाकते. म्हणून गुलाबी छटा टिकेपर्यंत औषध टाकायचे. विहिरीच्या काठावर उभे राहून करता येणारी ही साधी परीक्षाच होती.

४/९
मुंबईत प्रश्न निराळा होता. १९११ च्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाचा संबंध घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांशी जोडला. विहिरी बुजवा किंवा झाका, असा आग्रह सुरू झाला. अनेक पारशी आणि हिंदू कुटुंबांनी धार्मिक कारणांसाठी विरोध केला. तेव्हा झाकणात जाळीची झडप ठेवण्याची तडजोड निघाली. विहीर खासगी असली, तरी तिच्यातला डास शेजाऱ्यालाही चावतो, हा या वादाचा गाभा होता.

५/९
महाराष्ट्राच्या अनेक गावांनी नारूही सोसला. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की त्याच्या जखमेतील कृमी पाण्यात अळ्या सोडी. सूक्ष्म जलकीटक त्या गिळत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षभराने नवा कृमी बाहेर पडे. उपाय साधे होते : पाणी कापडाने गाळणे, पायऱ्या बंद करणे, वरून पोहऱ्यानेच पाणी काढणे. देशातील अखेरचा रुग्ण १९९६ चा. २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

६/९
पुढे परीक्षा बाटलीत मावू लागली. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. रसायन लावलेल्या कागदाच्या बाटलीत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. विष्ठेसोबत येणाऱ्या जिवाणूंपासून हायड्रोजन सल्फाइड तयार झाला, तर पाणी काळे पडते. प्रयोगशाळा दूर असलेल्या खेड्यालाही धोक्याची सूचना मिळू लागली.

७/९
आज महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने क्लोरीन पाहतो; पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. सार्वजनिक स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. परसातल्या बोअरला मात्र असे कार्ड नसते. त्याची राखण घरमालकाकडेच उरते.

८/९
ही राखण येथे अधिक गरजेची आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाहते. वाळूच्या जाड थरात ते गाळले जाते. रुंद भेगांत तसे गाळण होत नाही. त्यामुळे शौचखड्ड्याची, गोठ्याची किंवा खत घातलेल्या शेताची घाण पावसाळ्यात लवकर खाली पोहोचू शकते. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई-कोलाय मुळीच आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने जिवाणू मरतात, नायट्रेट जात नाही. म्हणून जिवाणूंची आणि रसायनांची, अशा दोन्ही तपासण्या हव्यात.

९/९
जुन्या घरांत उन्हाळ्यात आडाचा गाळ उपसत, कठडा दुरुस्त करीत. बोअरचे तोंड जमिनीखाली दिसेनासे झाले आणि ती सवयही मागे पडली. केसिंग पाइप जमिनीच्या वर राखणे, भोवती सांडपाणी साचू न देणे, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाणी तपासून घेणे, ही त्याच जुन्या शिस्तीची आजची रूपे. हॅम्पस्टेडच्या त्या स्त्रीने पाण्यावर विश्वास ठेवला तो चवीच्या भरवशावर. तिच्याकाळी त्याहून खात्रीची कसोटी घरी उपलब्ध नव्हती. आज ती आहे.