दगडू, केरबा आणि नकुशी

दगडू, धोंडू, केरबा! कोल्हापूरच्या पेठांत आणि गावोगावी ही नावे एकेकाळी सर्रास आढळत. आज ऐकून हसू येते; पण त्यांच्या मुळाशी भय होते. लागोपाठ मुले दगावली, की पुढच्याला मुद्दाम हिणकस नाव देत. दगडाकडे, केराकडे यमाची नजर वळणार नाही, ही भाबडी समजूत. मूल हवे असे, म्हणूनच नाव नकोसे ठेवत.

'नकुशी'चे तसे नाही. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली, की हे नाव. म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. येथे नकोशी होती ती मुलगीच.

पुढे सोनोग्राफी आली आणि अनेकींचे बारसेच टळले. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८३९.

जवळच्या साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक नामांतर केले. नव्या नावांची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, तर कुणाला साधे वैशालीच पुरेसे वाटले.