नेट्रिनची कुळकथा

१८९० साली बार्सिलोनात सांतियागो रामोन इ काहाल कोंबडीच्या गर्भाचे काप चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. मज्जारज्जूत वाढणाऱ्या चेतातंतूंच्या टोकाशी त्यांना शंकूसारखा फुगवटा दिसला. पेशी मृत होत्या, तरी हे टोक जिवंतपणी वाट शोधत पुढे सरकत असणार, हे त्यांनी ताडलं. दोनच वर्षांनी त्यांनी तर्क मांडला: पांढऱ्या रक्तपेशी रसायनाच्या मागावर जंतूपर्यंत जातात, तसेच चेतातंतूही रसायनाच्या ओढीने मुक्कामी पोचत असावेत.

१९०७ साली रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातल्या ऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवून वाढणारा तंतू प्रत्यक्ष दाखवला. पण रसायन सापडेना. पुढे पॉल वाइस यांच्यासारख्या मातब्बरांनी तंतू पृष्ठभागाच्या खाचाखोचांना धरून जातात, असं मानलं. त्याला धक्का दिला त्यांच्याच विद्यार्थ्याने. रॉजर स्पेरी यांनी पाणसरड्याच्या डोळ्याची चेता तोडून डोळा १८० अंशांत फिरवला. चेता पुन्हा वाढली, पण भक्ष्य वर दिसलं की प्राणी खाली झेपावे, आणि सवयीनेही तो सुधारला नाही. प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्याच जागी परतला होता. १९६३ साली स्पेरी यांनी सांगितलं, की तंतू आणि त्याचं ठिकाण एकमेकांना रासायनिक खुणांनी ओळखतात.

अशी खूण शेवटी सापडली ती मज्जारज्जूत. त्यात पाठीकडून निघणारे काही तंतू पोटाच्या बाजूला उतरतात आणि मध्यरेषा ओलांडतात. तिथे पेशींची एक तळपट्टी असते. १९८८ साली मार्क टेसिए-लाविन्य आणि सहकाऱ्यांनी कोलॅजेनच्या जेलमध्ये या पट्टीचा तुकडा थोड्या अंतरावर ठेवला, आणि तंतू त्याच्याकडे वळले. मधे पाझरणारं काहीतरी होतं! कोंबडीच्या गर्भांच्या असंख्य मेंदूंमधून ते गाळून १९९४ साली दोन प्रथिनं हाती आली. त्यांना संस्कृत ‘नेतृ’वरून नेट्रिन हे नाव मिळालं. एका सूक्ष्म कृमीत सापडलेल्या ‘अंक-६’ या प्रथिनाशी त्यांचं नातंही जुळलं, म्हणजे ही खूण फार जुनी होती. पुढच्याच वर्षी दिसलं, की हेच नेट्रिन काही तंतूंना दूर लोटतं. ओढ की मज्जाव, हे तंतूच्या टोकावर नेट्रिनला ओळखणारं कोणतं प्रथिन, म्हणजे कोणता ग्राही, आहे यावर ठरतं.

२०१७ साली उंदरांच्या तळपट्टीतलं नेट्रिन काढून टाकलं, तरी बहुतेक तंतू मध्यरेषा ओलांडून गेले. वाटेतल्या पेशींनी मागे ठेवलेलं नेट्रिनही त्यांना पुढे नेत होतं. दुरून येणारी हाक की स्पर्शाने कळणारी खूण हा वाद त्यामुळे पूर्वीइतका सरळ राहिला नाही.

हा शोध माणसाच्या हातापर्यंत येतो. नेट्रिनला ओळखणाऱ्या ‘डीसीसी’ ग्राहीच्या जनुकात बिघाड असलेल्या काही कुटुंबांत एक हात हलवला की दुसराही आपोआप तेच करतो. गर्भातल्या तंतूंनी मध्यरेषा नीट ओलांडणं किती मोलाचं असतं, हे अशा माणसांचे हात रोज सांगतात.