क्यूबा : स्पॅनिश राजवटीपासून क्रांतीपर्यंत

कॅरिबियन समुद्रातील क्यूबा बेटावर कोलंबस १४९२ साली पोहोचला आणि १५११ पासून स्पेनने ते जिंकून घेण्यास सुरुवात केली. प्रतिकार करणारा ताइनो सरदार हातुए याला जिवंत जाळण्यात आले. सक्तीची मजुरी व साथीचे रोग यांमुळे मूळ रहिवासी झपाट्याने घटले; पुढे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. ही गुलामगिरी थेट १८८६ पर्यंत टिकली.

तिच्याविरुद्ध उठलेल्या आरंभीच्या आवाजांत एक आवाज धर्मगुरूचा होता. हवानाच्या सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक फादर फेलिक्स वारेला स्पेनच्या संसदेत क्यूबाचे प्रतिनिधी म्हणून गेले. गुलामगिरीचे उच्चाटन व वसाहतींना स्वशासन, अशी त्यांची मागणी होती. १८२३ साली राजाची निरंकुश सत्ता परत येताच त्यांना परागंदा व्हावे लागले. न्यूयॉर्कमध्ये गरीब आयरिश स्थलांतरितांची सेवा करणाऱ्या या धर्मगुरूला मायभूमीचे पुन्हा दर्शन घडले नाही. १८५३ साली फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

मात्र धर्माधिकारी बहुतांशी स्पेनच्याच बाजूचे होते, हेही मान्य करावयास हवे. १८६८ साली सेस्पेदेस यांनी आपले गुलाम मुक्त करून स्वातंत्र्ययुद्ध पुकारले. १८९५ साली कवी होसे मार्ती रणांगणावर पडले. १८९८ मध्ये स्पेन हरला, परंतु १९०२ च्या प्रजासत्ताकावर अमेरिकेने हस्तक्षेपाचा हक्क राखून ठेवला. तो १९३४ पर्यंत कायम होता. याच काळात स्वातंत्र्यसैनिकांच्या विनंतीवरून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१६ साली एल कोब्रेच्या पवित्र मरियेला क्यूबाची आश्रयदाती घोषित केले.

१९५२ साली बातिस्ता यांनी सत्ता बळकावली. १९५३ च्या मोंकादा छावणीवरील फसलेल्या हल्ल्यानंतर फिदेल कास्त्रो व त्यांच्या सहकाऱ्यांना जीवदान मिळावे, म्हणून सांतियागोचे आर्चबिशप पेरेस सेरांतेस यांनी मध्यस्थी केली. १९५९ साली क्रांती यशस्वी झाली. जमीनवाटप व साक्षरता मोहिमेमुळे अनेक गरिबांना ती आपली वाटली. पण १९६१ मध्ये कॅथलिक शाळा सरकारजमा झाल्या, सुमारे १३० धर्मगुरूंना जहाजातून हद्दपार करण्यात आले. १९६९ साली रद्द झालेली नाताळची सुट्टी १९९७ मध्ये परत मिळाली. दरम्यान १९९२ साली राज्यघटनेतील निरीश्वरवाद वगळण्यात आला. एकपक्षीय सत्ता मात्र २०१९ च्या घटनेतही कायम राहिली.

जानेवारी १९९८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल क्यूबाला आले. हवाना विद्यापीठात, जेथे फादर वारेला यांचे अवशेष जतन केले आहेत, तेथे ते प्रार्थनेसाठी थांबले. २०१२ साली वारेला यांना 'पूजनीय' घोषित करण्यात आले.