चित्रातला आकडा

पुस्तकात चित्र कशासाठी घालायचे? कोणी म्हणेल, पान शोभिवंत दिसावे म्हणून. कोणी म्हणेल, मुलांना गोडी लागावी म्हणून. दोन्ही खरेच आहे. पण साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातल्या एका शिक्षकाने याचे तिसरेच उत्तर दिले, आणि ते आपल्या गुरुजींना व बाईंना आजही उपयोगी पडेल असे आहे.

या शिक्षकाचे नाव योहान आमोस कोमेनिअस. जन्म १५९२ सालचा, मोराव्हियातला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात आहे. १६१८ साली युरोपात धर्मावरून युद्ध पेटले आणि ते तीस वर्षे चालले. त्या धुमाळीत कोमेनिअसचे घर गेले. साथीच्या रोगाने पत्नी आणि दोन मुले नेली. पुढे स्वतःचा देशही सोडावा लागला. पोलंडातल्या लेश्नो गावी त्याने पुन्हा बस्तान बसवले. तर १६५६ साली तेही गाव जळाले, आणि वर्षानुवर्षे लिहिलेली हस्तलिखिते राख झाली. इतके सोसूनही हा माणूस मुलांच्या पाठ्यपुस्तकांचाच विचार करीत राहिला.

त्या काळची शाळा कशी होती? लॅटिन भाषा शिकायची, तीही घोकून. शब्द तोंडपाठ, पण वस्तू कधी पाहिलेली नाही. चुकला की छडी! कोमेनिअसचे म्हणणे असे की, जे आधी डोळ्यांनी, कानांनी, हातांनी कळले नाही ते डोक्यात शिरतच नाही. १६३१ साली त्याने लॅटिन शिकवणारे एक पुस्तक काढले. ते अनेक भाषांत गेले, फार गाजले. पण त्यात नुसते शब्द होते, आणि लहान मुलांना ते जड जाई. पुढे हंगेरीत शारोश्पाटाक येथे शिकवीत असताना त्याने चित्रांचे पुस्तक रचले. तिथे चित्रे कोरणारा चांगला कारागीर मिळेना. मग काम जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरी गेले. १६५८ साली लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत पुस्तक निघाले. नाव ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’, म्हणजे इंद्रियांना जाणवणाऱ्या जगाचे चित्र. पाठ दीडशे.

आता त्यातला शेतीचा पाठ पाहा. वर एक चित्र: शेतकरी बैल जुंपून नांगर धरतो आहे, बी पेरतो आहे, पीक कापतो आहे. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर बारीक आकडा. बैलाला एक, रुमण्याला दुसरा, फाळाला तिसरा. ढेकूळ, चर, विळा, प्रत्येकाला आपापला आकडा. खाली मजकुरात ‘फाळ’ हा शब्द आला की त्यापुढे तोच आकडा. मुलाने शब्द वाचायचा आणि बोट थेट चित्रातल्या फाळावर ठेवायचे. खरी युक्ती ती ही! चित्र एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे असे नाही. आकड्याने दोघांची गाठ मारली.

मुळाक्षरांची तऱ्हाही अशीच. ओरडणारा कावळा दाखवून ‘अ’चा उच्चार, बें बें करणारे कोकरू दाखवून ‘ब’चा. शाळेच्या चित्रात तर दंगा करणाऱ्या पोरांना बसणारा मारही त्याने लपवला नाही. आणि आत्म्याचे चित्र कसे काढायचे? त्याने नुसत्या ठिपक्यांनी माणसाची आकृती काढली. दिसते तिथे चित्र, दिसत नाही तिथे खूण. रंग आणि चवी तर कागदावर येत नाहीत. त्यासाठी खऱ्या वस्तूच शाळेत आणून दाखवा, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले. चित्रे पाहून मुलांना ती हाताने काढू द्या, असेही सांगितले.

पुस्तक टिकले. पुढल्याच वर्षी, १६५९ साली, त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. जवळजवळ शंभर वर्षांनी जन्मलेल्या जर्मन कवी गटेनेही आपल्या बालपणीचे पुस्तक म्हणून त्याची आठवण नोंदवली आहे.

आज आपल्या खेड्यांत ट्रॅक्टर आले. रुमणे, जू, शिवळ हे शब्द कित्येक मुलांनी ऐकलेलेही नाहीत, आणि ज्यांनी ती अवजारे वापरली ती माणसे थकली. तेव्हा गुरुजी, एक दिवस वर्ग घेऊन गावातल्या जुन्या शेतकऱ्याकडे जा. गोठ्याच्या आढ्याला ठेवलेला नांगर खाली काढायला सांगा. मुलांनी त्याचे चित्र काढावे किंवा फोटो घ्यावा, भागाभागावर आकडे घालावेत, आणि आजोबा सांगतील ते नाव अन् त्याचे काम त्या आकड्यापुढे लिहावे. नुसत्या फोटोत नाव राहत नाही, आणि नुसत्या नावावरून नांगर डोळ्यांपुढे उभा राहत नाही. दोन्ही एका पानावर आली, तर आजोबांच्या माघारीही त्या गावचा नांगर मुलांना वाचता येईल.