खंजिरी आणि श्रोता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे अब्बा तुकडोजी महाराजांच्या भजनाला जायचे. पन्नासच्या दशकातली गोष्ट. अमरावतीच्या आसपास कुठं भजन आहे असं कळलं की सायकल काढायची आणि निघायचं. पुढं म्हातारपणी ते सांगत, "महाराज गाते गाते कब बोलने लगे, समजताच नै था." भजन संपून भाषण कधी सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. गाणाऱ्यानं राजकारण गाण्यात आणलं की ऐकणाऱ्याचं काय होतं, या प्रश्नाकडे मी अब्बांच्या या एका वाक्यातून बघतो.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. तरुणपणी चिमूरकडच्या रामदेगी, गोंदेड्याच्या जंगलात साधना, आणि १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम. हातात एक खंजिरी. पुढे माणसं बसलेली, ती बहुतेक कास्तकार आणि मजूर. देवाचं नाव ऐकायला आलेली.

आता भजनाची एक गंमत आहे. भजनात श्रोता नुसता ऐकत नाही. बुवा ओळ म्हणतो, मंडळी ती मागे म्हणतात. ध्रुपद तर सगळ्यांचंच. म्हणजे बुवानं एखादी गोष्ट गाण्यात घातली की पुढच्याच क्षणी ती ऐकणाऱ्याच्या तोंडी येते. "हे काय मधेच?" असं म्हणायला तोंड मोकळं असावं लागतं, इथं ते गाण्यातच गुंतलेलं असतं. शिवाय गावोगाव भजनी मंडळं. मोझरीला म्हटलेलं भजन काही दिवसांत दुसऱ्या गावच्या मारुतीच्या पारावर. पत्रक जप्त करता येतं, छापखान्याला कुलूप लावता येतं. पाठ झालेल्या भजनाचं काय करणार?

१९४२च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारला हे नीट कळलं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी पेटले. पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं गेली, जमावाच्या हातून अधिकारी आणि शिपाईही मारले गेले. यावलीला आज 'यावली शहीद' म्हणतात ते त्याच बेचाळीसमुळे. ऑगस्ट संपता संपता महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरात सुटले. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, खंजिरी होती. भजनामुळंच चिमूर पेटलं असं म्हणणं मला सोपं वाटतं. लोक आधीच तापलेले होते. पण तापलेल्या माणसांना एका सुरात आणणं ही काही लहान गोष्ट नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग फारसा कुणी सांगत नाही. तेच महाराज विनोबांच्या भूदानात गेले. १९५६ साली भारत साधू समाजाचे अध्यक्ष झाले. चीन आणि पाकिस्तानशी युद्धं झाली तेव्हा सरहद्दीवर जवानांसमोर त्यांनी भजनं म्हटली. ज्या खंजिरीला एका सरकारनं कोंडलं होतं, तिला दुसऱ्या सरकारनं मानानं बोलावलं. ऐकणाऱ्यांपैकी काहींना हे रुचलं नसणार. ज्यांना रुचलं त्यांनी "भजनात राजकारण कशाला?" असं विचारलं नसणार, कारण आपल्याला पटलेल्या राजकारणाला आपण राजकारण म्हणतच नाही. त्याला आपण देशसेवा म्हणतो.

वऱ्हाडात या गोष्टीचा आणखी एक पदर आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी मुंबईचा गिरणगाव हलवला. बार्शीच्या अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मराठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे नाव मोठा आधार आहे. पण तोच 'महाराष्ट्र' हा शब्द अकोल्यात पडला की त्याचा अर्थ बदलायचा. १९४७चा अकोला करार इथलाच. वेगळ्या विदर्भासाठी झटणारे ब्रिजलाल बियाणी इथलेच. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली होती. शाहीर एकच, डफ एकच, पण इथले कान दोन तऱ्हेचे होते.

आणि गझल? तिथं मामला वेगळाच. गझलेचा श्रोता मागे म्हणत नाही, तो दाद देतो. म्हणजे दाद राखून ठेवण्याचा हक्क त्याच्याकडे असतो. अमरावतीच्या सुरेश भटांच्या प्रेमगीतांवर महाराष्ट्र जीव टाकायचा. त्याच भटांच्या शब्दांना १९७९च्या 'सिंहासन' चित्रपटात हृदयनाथांची चाल आणि आशाबाईंचा आवाज मिळाला आणि ते गाणं सत्तेवर बोट ठेवणाऱ्यांचं झालं. १९८३ साली 'एल्गार' आला. नाव वाचूनच कळावं की हा कवी आता नुसतं चांदणं लिहीत नाही. तरी लोक त्यांच्यापासून तुटले नाहीत. ज्याला चांदणं हवं होतं त्यानं चांदणं घेतलं. एल्गार हवा होता त्याला एल्गार मिळाला.

आमच्यासारख्या लहान कवींना इतकी सवलत नसते. काही वर्षांमागे अकोल्यात एका संमेलनात मी कापसाच्या भावावर गझल म्हटली. तिसऱ्या शेराला पहिल्या रांगेतले दोघे उठले. जाताना एकजण बोललाच, "प्रेमाचं ऐकायला आलो होतो, भाऊ." माझ्या नावाच्या कवीनं सरकारला काही विचारलं की ओळ पुरी व्हायच्या आत लोक बाजू ठरवतात, हाही अनुभव आहे. त्या दिवशी मात्र मला तेवढंसं वाईट वाटलं नाही. तिकीट नव्हतं, उठायचा त्यांना हक्क होता.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे जवळ आले. धोतर, टोपी, खिशात कापसाच्या काट्याची पावती. म्हणाले, "थो कापसाचा शेर सांगा बरं पुन्हा, लिहून घेतो." मी सांगितला. त्यांनी पावतीच्या मागे लिहिला आणि मला वाचून दाखवला. एक शब्द बदलला होता. माझ्या शब्दाच्या जागी त्यांनी आपल्या गावचा शब्द घातला होता.

तेव्हापासून मीही तो शेर तसाच म्हणतो.